एका बादलीत धुतलेला समुद्र

अहमदपूरच्या शाळेतले आमचे गुरुजी परवा भेटले. म्हणाले, "आपल्या शाळेतून समुद्र बघून आलेला तू पहिलाच दिसतोस. काय बघितलंस ते लिहून काढ. पोरांना वाचून दाखवू." त्यांना बहुधा लाटा, नारळाची झाडं आणि मावळता सूर्य हवा असावा. ते सगळं मी पाहिलं, पण आठवतं ते वेगळंच. गुरुजींचा शब्द मोडवत नाही. माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि तो त्यांच्यामुळे गेलो. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

नांदेड

नांदेडला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. उन्हाळ्यात तासिका नसतात. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या कॉलेजातल्या देशपांडे मॅडमनी मला विचारलं, "गायकवाड, मालवणला येता का? काम आहे. समुद्रात माझे सहा डबे आहेत, ते काढून आणायचेत."

नांदेडमध्ये बसून समुद्रातल्या प्रवाळावर पीएच.डी. करणाऱ्या मॅडमची स्टाफरूममध्ये थट्टा व्हायची. "मॅडम, गोदावरीत प्रवाळ सापडलं का हो?" असं कुणीतरी विचारायचं. मॅडम म्हणायच्या, "गोदावरीत आधी पाणी सापडू द्या."

डबा म्हणजे वीतभर लांबीची, आट्यांचं झाकण असलेली नळी. आत तापमान नोंदवणारं यंत्र. आदल्या वर्षी मॅडमनी असे सहा डबे समुद्राच्या तळाशी, प्रवाळाच्या शेजारी बांधून ठेवले होते. दोन उथळ जागी, चार खोल जागी. दर अर्ध्या तासाला पाणी किती तापलं आहे याची नोंद करत ते वर्षभर तिथे पडून होते.

प्रवाळ म्हणजे काय, हे वाचणाऱ्या मुलांसाठी सांगतो. ते दगडासारखं दिसतं पण दगड नाही, झाडासारखं दिसतं पण झाडही नाही. बारीक बारीक प्राण्यांची ती वसाहत असते. या प्राण्यांच्या अंगात त्याहून सूक्ष्म असं शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला खाऊ घालतं. प्रवाळाचा बराचसा रंगही त्याचाच. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल अंगातून बाहेर टाकतं. मग आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. त्या वेळी प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ भुकेनं मरतं.

"म्हणजे सगळा प्रश्न दिवसांचा आहे," मॅडम म्हणाल्या. "पाणी किती दिवस तापलेलं होतं आणि प्रवाळाने किती दिवस सोसलं, हे मला मांडायचंय. ते फक्त त्या डब्यांना माहीत आहे. माझी अभ्यासाची रजा या उन्हाळ्यात संपते. पुढच्या वर्षी परत जाऊन डबे लावणं मला जमणार नाही."

एवढं मोठं काम त्यांनी माझ्यावर विश्वासून दिलं, याचा मला फार आनंद झाला. मी लगेच हो म्हणालो.

अहमदपूर

लातूरच्या वाटेवर एक दिवस घरी उतरलो. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. त्या वर्षी मोंढ्यात माल नव्हता, त्यामुळे ते दुपारी घरीच होते. घामेजलेली टोपी हातात धरून म्हणाले, "समिंदरावर चाल्ला म्हनं?"

"हो. पाण्याचा ताप मोजायला."

"पान्याला बी ताप येतो का?"

"येतो."

माय दाराशी टँकरची वाट बघत बसली होती. ती म्हणाली, "हितं मानसाचा ताप मोजायला कोनी न्हाई, आन् ह्यो चाल्ला पान्याचा मोजायला." मग हसली. हसताना तिला खोकला आला. आठ दिवसांनी आलेला टँकर गल्लीच्या तोंडाशीच रिकामा झाला, आमच्या वाट्याला दोन घागरी आल्या.

मी आंघोळ केली ती घमेल्यात बसून. मायची रीत ठरलेली. आंघोळीचं पाणी घमेल्यात साठवायचं, त्यात कपडे बुचकळायचे, तेच फरशीला, उरलेलं दारच्या कढीपत्त्याला. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका पाण्याकडून चार कामं करून घेतल्याशिवाय ते सुटत नव्हतं. मोरीचं तोंड मायनं चिंध्यांचा बोळा घालून बंदच करून टाकलं होतं.

वडील अजूनही पत्ता सांगताना जिल्हा उस्मानाबाद म्हणतात. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तरुण होते, पण जीभ वळली नाही. निघताना म्हणाले, "तिकडं कोनता जिल्हा लागतो?"

"सिंधुदुर्ग. तोही नवाच. रत्नागिरीतून काढलेला."

"तिकडं प्यायला पानी हाय ना?"

"आहे म्हणतात."

"मग झालं," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

लातूर

मॅडमचं माहेर लातूरचं, त्या आधीच तिथे आल्या होत्या. त्यांचे आईवडील दोघेही निवृत्त शिक्षक. सकाळी मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा दोघंही पाण्याच्या रांगेत होते. घागरींना नंबर टाकले होते. शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावलेली होती, म्हणून लोक चार-चारच्या गटाने उभे होते, आणि प्रत्येक गट दुसऱ्या गटावर डोळा ठेवून होता.

एसटी लातूरच्या बाहेर पडली तेव्हा खिडकीतून टँकरच टँकर दिसत होते. मॅडमना मी विचारलं, "आपला दुष्काळ आणि तिकडचा तापलेला समुद्र, यांचा काही संबंध आहे का?"

त्या म्हणाल्या, "तिकडे दूर प्रशांत महासागराचं वरचं पाणी तापलं की जगभरचे वारे बिघडतात. आपला पाऊस पुष्कळदा अशा वर्षी कमी पडतो. आपल्या समुद्रावरही ढग कमी, वारा कमी. मग ऊन थेट पाण्यात उतरतं, आणि पाणी ढवळलं जात नाही म्हणून वरची उष्णता वरच राहते. शिवाय गेली कित्येक वर्षं सगळाच समुद्र थोडा थोडा तापत चाललाय, त्याच्यावर ही भर. तुमच्या अहमदपूरची विहीर आणि मालवणचं प्रवाळ एकाच वर्षात सापडलंय."

मी ते वहीत लिहून घेतलं. बाकी प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कोल्हापूरला गाडी बदलली, घाट उतरताना मला ओकारी झाली, आणि सकाळी आम्ही मालवणला होतो.

मालवण, पहिला दिवस

उतरलो ते दाजींच्या घरी. दाजी म्हणजे मॅडमचे नेहमीचे होडीवाले. साठीचे, काळेसावळे, अंगाने चिवट. पर्यटकांना होडीतून नेऊन पाण्याखालचं प्रवाळ दाखवणं हा त्यांचा धंदा. आमच्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, त्यामुळे पहिल्यांदा हाक मारताना मला उगीच लाजल्यासारखं झालं.

"खंयसून इलास?" त्यांनी मला विचारलं.

"लातूर जिल्हा. अहमदपूर."

"रेल्वेन पाणी येता थंयसून?"

"हो."

"मगे जाताना होडीभर घेवन जा आमच्याकडसून. फक्त मीठ तेवढा काढून घेवा." ते खो खो हसले, आणि त्या क्षणापासून माझं नाव लातूरकर पडलं.

समुद्र मी त्यांच्या मागच्या अंगणातून पाहिला. खरं सांगायचं तर छाती वगैरे भरून आली नाही. रात्रभराच्या प्रवासाने डोळे चुरचुरत होते. वारा पडलेला होता, पाणी ताटात ओतलेल्या तेलासारखं स्थिर होतं. मला वाटलं, एवढं सगळं पाणी, आणि एक घोट प्यायचा नाही.

माझी नजर खिळली ती अंगणातल्या विहिरीवर. वाकून हात घातला तर पाण्याला लागेल की काय असं वाटावं इतकं पाणी वर. आणि गोड! दाजींच्या बायकोने, म्हणजे काकींनी, रहाटाने कळशी ओढली, पाय धुतले, उरलेलं पाणी तसंच माडाच्या आळ्यात भिरकावून दिलं. मी चपापून पुढे झालो.

"काय झाला रे?" काकी म्हणाल्या.

"काही नाही."

"पाणी सांडला म्हणान भियालंस?"

मी मान हलवली. त्यांनी मला हसत हसत दुसरी कळशी ओढून दिली आणि म्हणाल्या, "घे, ओत अंगार. मोकळ्या मनान ओत." मी उभ्यानं आंघोळ केली, खूप दिवसांनी. पाणी पायाखालून वाहून जाताना मात्र माझं लक्ष सारखं तिकडेच होतं.

जेवायला बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, भात आणि सोलकढी. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या पोटाला भाताने भर वाटेना. मी लाजत तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा काकी खूश झाल्या.

दुसरा दिवस, समुद्रात

सकाळीच निघालो. परवानगीचे कागद मॅडमनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेतले होते. होडी चालवताना दाजी पाय बाहेर सोडून बसले होते. म्हणाले, "बाय, शिमग्यापासून पाणी असा असा. पायाक ऊन लागता. आमी ल्हान असल्यापासून ह्या दिवसांत असा पाणी कधी नाय बघलेला."

"आणि प्रवाळ?" मॅडमनी विचारलं.

"बगशात आता."

मॅडम पाठीवर हवेची टाकी बांधून खाली गेल्या. मला पोहता येतं, पण ते विहिरीतलं पोहणं, आणि त्या विहिरीत गेली दोन वर्षं पाणी नव्हतं. दाजींनी मला जॅकेट घातलं, डोळ्यांवर काच चढवली, तोंडात नळी दिली आणि होडीच्या कडेला धरून ठेवलं. "तोंड पाण्यात घाल. श्वास तोंडान. खूप पुढे जावू नको."

मी तोंड पाण्यात घातलं.

खाली सगळं पांढरं होतं. नांदेडकडे फुटलेल्या कापसाचं रान असतं ना, तसं. गोल गोल पांढरे ढीग, पांढऱ्या थाळ्या एकावर एक, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे पांढरे गोळे. मधूनच एखादा फिकट जांभळा, एखादा पोपटी. त्यांच्यावरून निळे मासे फिरत होते, आणि पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाला स्वतःची सावली दिसत होती. मी डोकं वर काढून नळी तोंडातून बाहेर ओढली आणि ओरडलो, "दाजी, काय सुंदर आहे हो!"

दाजींनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते दोर सैल करत राहिले. म्हणाले, "पर्यटक पण असाच म्हणतत. गेल्या म्हयन्यात एक बाई म्हणाली, पांढरा जास्त बरा दिसता, फोटो चांगले येतत."

"मूळचा रंग कसा असतो?"

"तपकिरी. शेणासारखो. हिरवट. काय बघण्यासारखो नाय." त्यांनी दोर बांधला. "पण तो जित्यापणाचो रंग."

मी परत तोंड पाण्यात घातलं. आता तेच सगळं मला निराळं दिसलं. काही पांढऱ्या गोळ्यांच्या टोकांवर हिरवट-काळं शेवाळ चढायला सुरुवात झाली होती. ती टोकं मेलेली होती, हे मला पुस्तकावरून ठाऊक होतं. काचेत पाणी शिरलं, डोळे झोंबले, मी होडीत चढलो आणि तसाच पडून राहिलो. पाणी अंगाला कोमट लागलं होतं. समुद्राने गार वाटावं एवढीसुद्धा अपेक्षा त्या उन्हाळ्यात पुरी झाली नाही.

मॅडमनी दुपारपर्यंत सहाही डबे वर आणले. त्यांच्यावर शिंपल्यांचे आणि चुन्याचे खवले चिकटले होते. मॅडमच्या कानात पाणी गेलं होतं, कान ठणकत होता, चेहरा पांढरा पडला होता. पण प्रत्येक डबा हातात घेऊन त्यांनी त्याच्यावर लिहिलेला नंबर वाचला. सगळे सहा मिळाले म्हणून त्या हसल्या.

दुसरा दिवस, विहिरीवर

आता मी जे लिहिणार आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं, असं मला वाटतं.

घरी आल्यावर मॅडमना कानदुखीने बसवेना. त्या आत जाऊन पडल्या. जाताना मला म्हणाल्या, "गायकवाड, डबे तुम्ही धुवाल? आधी खरवडा. मग प्रत्येक डबा गोड्या पाण्यात नीट धुवा. दर डब्याला पाणी बदला. पूर्ण कोरडे करा आणि बंदच ठेवा. उद्या सकाळी मी उघडीन."

"हो मॅडम."

मी विहिरीवर बसलो. बादली ओढली. पहिला डबा धुतला. पाणी जरा गढूळ झालं, तळाला शिंपल्यांचा चुरा बसला. आता ही बादली ओतायची आणि दुसरी भरायची.

माझा हात होईना. कसं सांगू, मला कुणी अडवत नव्हतं. विहीर भरलेली होती. पण बादलीत पाऊण बादली पाणी होतं, आणि ते घाण नव्हतं, जरासं खारट झालं असेल. मी मनाशी म्हणालो, दुसरा डबा यातच धुऊ, मग बदलू. दुसऱ्यानंतर म्हटलं, तिसरा. सहाही डबे मी त्या एकाच बादलीत धुतले. शेवटी धुतले ते उथळ जागेचे दोन. तोवर त्या पाण्यात आधीच्या चार डब्यांचं मीठ उतरलेलं होतं. उरलेलं मी जपून नेऊन कडेच्या जास्वंदीला घातलं.

काकी पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या.

आणि आणखी एक केलं. डबे आतून दमट राहू नयेत, मॅडमचं सकाळचं काम हलकं व्हावं, म्हणून वरवर पुसून झाल्यावर मी ओल्याच हातांनी त्यांची झाकणं उघडून सावलीत मांडून ठेवली. मला खरंच वाटत होतं की मी काळजीने काम करतोय.

तिसरा दिवस

सकाळी मॅडमचा कान जरा बरा होता. झाकणं उघडी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. लॅपटॉप उघडून त्यांनी एकेक डबा वायरीने जोडला. पहिले चार बोलले. पडद्यावर वर्षभराची रेघ उमटली. पावसाळ्यात खाली, थंडीनंतर चढत चढत वर, आणि वर गेली ती खाली उतरतच नव्हती. मॅडम त्या रेघेकडे डोळे ताणून बघत होत्या.

पाचवा डबा बोलला नाही. सहावाही नाही. मॅडमनी भिंगातून आत बघितलं. जोडणीच्या तारांवर पांढरी-हिरवी पूड बसली होती.

"हे दोन उथळ जागेचे," त्या हळू म्हणाल्या. "जिथे सगळ्यात जास्त पांढरं पडलंय."

त्यांनी पुसून बघितलं, घासून बघितलं, तासभर खटपट केली. मग वही ओढून लिहिलं: डबा पाच आणि सहा, समुद्रात गळती. आणि स्वतःशीच म्हणाल्या, "झाकणाखालची रबरी कडी मीच बसवली होती. घाईत नीट बसली नसणार. वर्ष वाया घालवलं मी."

त्याच वेळी मला कळलं की ही गळती नाही. समुद्रातून पाणी शिरलं असतं तर डबा उघडताना आत पाणी दिसलं असतं, आणि उघडला मी होता. आत कोरडं होतं. मीठ गेलं ते माझ्या ओल्या हातांनी, झाकणाच्या आट्यांत राहिलेल्या माझ्या बादलीतल्या पाण्यातून.

मी बोललो नाही. का बोललो नाही, याचं चांगलं कारण माझ्याकडे नाही. मॅडमनी मला आणलं होतं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला डोक्याच्या कामासाठी बोलावलं होतं. आणि मी दमलो होतो. एवढंच.

दुपारी काकींनी तांदळाचे घावणे केले होते. मॅडम ताटात बोटं फिरवत होत्या, जेवत नव्हत्या. त्यांचं मन रमवावं म्हणून काकी म्हणाल्या, "बाय, तुमचो लातूरकर बरो गुणी हां. काल सगळे डबे एका बादलीत धुतल्यान! थेंब सांडूक दिल्यान नाय. उरलेला जास्वंदीक घातल्यान. आमच्या सुनांका दाखवूक व्हया."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"एका बादलीत?"

"हो मॅडम."

"सहाच्या सहा?"

"हो."

"आणि झाकणं? काल काढलीत तेव्हा आत पाणी होतं?"

"नव्हतं."

काकींना काहीतरी बिघडल्याचं कळलं. त्या म्हणाल्या, "माझा काय चुकला?" दाजी म्हणाले, "तू गप रव." मॅडमनी पुढ्यातला घावणा पूर्ण संपवला. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "वही आणा."

त्यांनी 'गळती' या शब्दावर रेघ मारली. वही माझ्यापुढे सरकवली. "तुमच्या हाताने लिहा. काय केलंत ते. साधं."

मी लिहिलं: सगळे डबे एकाच पाण्यात धुतल्यामुळे मीठ राहिले. झाकणे ओल्या हाताने उघडली. नोंदी नष्ट. धुणारा, आणि माझं नाव.

"डब्यात दोष आहे असं वहीत राहिलं असतं, तर पुढच्या माणसाने हे डबे वापरलेच नसते," त्या म्हणाल्या. एवढं बोलून त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पुढे म्हणाल्या, "मी सकाळपासून स्वतःला बोल लावतेय, गायकवाड. आणि तुम्ही समोर बसला होतात."

संध्याकाळची गाडी होती. काकींनी शिदोरीत घावणे बांधून दिले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "पाणी सांभाळणारो माणूस वायट नसता रे." त्यांनी तसं म्हणायला नको होतं. मला जास्तच मेल्यासारखं झालं.

परत लातूर, परत नांदेड

येताना मॅडम खिडकीशी बसल्या होत्या आणि मी दोन बाकं सोडून मागे. मिरजेच्या पुढे त्यांनी मागे वळून मला अर्धं सफरचंद दिलं.

लातूरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांचे वडील स्टँडवर घ्यायला आले होते, दाढी वाढलेली, हातात रिकामा कॅन. येताना वाटेत कुठे मिळालं तर, म्हणून आणलेला. मॅडमनी तो कॅन बघितला, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "तुम्हाला का जमलं नाही ते मला कळतं. नुकसान तेवढंच राहतं." आणि वडिलांच्या मागे निघून गेल्या.

ते दोन डबे त्यांनी बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवून बघितले. काहीच वाचता आलं नाही. पुढे नांदेडला त्यांच्या केबिनमध्ये आम्ही आलेख काढले. खोल पाण्याच्या चार रेघा आल्या. उथळ जागेचा चौकोन कोरा राहिला. कुणीतरी सुचवलं की खोल पाण्याच्या आकड्यांवरून अंदाज बांधून रेघ ओढता येईल. मॅडम म्हणाल्या, "नको. तिथे आपल्याला माहीत नाही, तर माहीत नाही." कोऱ्या चौकोनाखाली त्यांनी मी वहीत लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं टाकलं, फक्त नाव वगळून. त्यांचा प्रबंध आता निम्म्या दाव्याचा झालाय. रजा संपली, त्या शिकवायला लागल्या. मला त्यांनी या कामातून काढलं नाही. काढलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

दिवाळी झाल्यावर दाजींचा फोन आला. मॅडमचा लागला नाही म्हणून मला केला होता.

"लातूरकरा, पाणी मिळाला काय रे तुमका?"

"मिळालं दाजी. यंदा पाऊस चांगला झाला."

"आमचा पण निवला. काल खाली जावन इलंय. खोलातली बरीचशी परत रंगार इली. तपकिरी झाली, शेणासारखी." ते हसले. मग आवाज उतरला. "वरची नाय वाचली. उथळातली. सगळ्यांवर शेवाळ. हात लावलंय तर भुगो."

मग त्यांनी विचारलं:

"बायक विचारून सांग माका. तुमच्या डब्यात असतलाच ना ता? किती दिवस तग धरल्यानी त्यांनी? मी बापसापासून बघतंय ती. माका कळूक व्हया."

मॅडमनी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी जेवताना त्यांनी निम्मं ऐकलं होतं, आणि डबे कुठल्या जागेचे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. दोन डबे गेले ते त्याच जागेचे, आणि ते माझ्यामुळे गेले. त्या जागेचं आता कधीच कळणार नाही.

फोनमध्ये वारा ऐकू आला. मालवणला वारा सुटला होता.

"कधीच नाय?" दाजींनी विचारलं.

"नाही."

"बरां," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "बरां." आणि फोन ठेवला.